माझ्याकडे चालतं

“प्रल्हाद, पाणी प्यायलास का?”

आतल्या खोलीतून बाईचा आवाज आला आणि मी उंबऱ्यावरच थांबलो. दार सताड उघडं होतं. एप्रिलातली मिरजेची दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. मला वाटलं, चला, घरात कुणीतरी जागं आहे.

“नमस्कार ताई,” मी म्हणालो. “मी कोळेकर. सांगलीहून आलोय. हुक्केरी सरांनी बोलावलंय.”

उत्तर आलं नाही. पंख्याची घरघर तेवढी चालू होती. कुणी उठल्याची चाहूल नाही, बांगडी वाजली नाही, कूस बदलल्याचाही आवाज नाही. मी पुन्हा हाक मारली. मग मागच्या परसातून चपला फटफटवत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या हाताला ओल्या मातीचा वास होता.

“कोळेकर ना? या, या. झाडांना पाणी घालत होतो. हाक मारायची की.”

“मारली की. आत ताई आहेत, त्यांना सांगितलं.”

सरांनी हात झटकले. मग माझं कोपर धरून मला खुर्चीकडे ओढू लागले. आंधळ्याला असं ओढायचं नसतं, आपलं कोपर त्याच्या हातात द्यायचं असतं, हे त्यांना समजावण्यात ताईंचा विषय राहूनच गेला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझी नजर जाऊन फार दिवस झाले नव्हते. सांगलीतल्या एका दैनिकात मी मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, असं सुखाचं काम. काचबिंदूनं हळूहळू दोन्ही डोळे नेले. नोकरी गेली त्याचं वाईट वाटलंच, पण वाचन गेलं त्यानं मी वेडापिसा झालो. माझी बायको रजनी शाळेतून दमून आली की मला पेपर वाचून दाखवायची. वाचता वाचता ती जांभई दाबायची आणि ती दाबलेली जांभई मला ऐकू यायची. मला कुणाच्या उपकाराशिवाय, माझ्या वेळेला, एकट्यानं वाचायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

आमच्यासाठी बोलणारे कॉम्प्युटर होते, नाही असं नाही. पण त्यातला साहेबी आवाज मराठी वाचायला लागला की अग्रलेखाची पार चटणी करायचा. अशात मला तन्वीर भेटला. तन्वीर मुजावर, सांगलीचाच पोरगा, डोळस, पण आम्हा लोकांना शिकवायच्या मागं हात धुऊन लागलेला. त्यानं मला ‘बोलकी’ची गोष्ट सांगितली. लिहिलेलं मराठी अस्सल मराठी आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट, आणि नुसतं फुकट नाही तर मुक्त. कुणीही घ्यावं, आत हात घालून दुरुस्त करावं, पुढं द्यावं. मिरजेच्या प्रल्हाद हुक्केरी सरांनी ते बनवलं होतं. सर तंत्रनिकेतनात शिकवायचे, आता निवृत्त झाले होते. आवाज त्यांच्या थोरल्या बहिणीचा होता. सगळे त्यांना अक्का म्हणायचे.

“मग अडलंय कुठं?” मी विचारलं.

“नवीन माणसाला ते बसवताच येत नाही, काका. सरांनी माहिती म्हणून जे लिहिलंय ते सरांनाच कळतं. बसवलं तरी बोलत नाही, मध्येच गप्प होतं. सरांना विचारलं की एकच उत्तर. माझ्याकडे चालतं.”

“मग मी काय करू?”

“नवख्यांसाठी पुस्तिका लिहा. तुम्हाला मराठी येतं आणि कॉम्प्युटरमधलं काही म्हणजे काही कळत नाही. असाच माणूस पाहिजे होता.”

इतका स्वच्छ अपमान इतक्या प्रेमानं माझा कुणी केला नव्हता. मी हो म्हणालो. मे महिन्यात सांगलीला शिबिर होतं, जिल्ह्यातले दृष्टिहीन लोक येणार होते. त्याआधी पुस्तिका झाली नाही तर तन्वीर त्यांना साहेबी आवाजच शिकवणार होता. मग बोलकीकडे कोण बघतंय? ती बसली असती एका म्हाताऱ्याच्या घरात, आणि मी बसलो असतो रजनीच्या जांभया ऐकत.

पुस्तिका लिहायची माझी एकच अट होती. जे माझ्या हातून झालं नाही ते लिहायचं नाही. मी माझा नवा कोरा लॅपटॉप घेऊन, त्यातल्या साहेबी आवाजाच्या आधारानं, सरांसमोर बसणार, ते तोंडानं सांगणार, मी करणार. त्यांनी माझ्या लॅपटॉपला बोट लावायचं नाही.

“हां, सर. पहिली पायरी सांगा.”

“सोपं आहे. नेहमीप्रमाणे उतरवून घ्या आणि बसवा.”

“नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?”

“म्हणजे... आपण नेहमी बसवतो तसं.”

“सर, मी आयुष्यात काही बसवलेलं नाही. घरातला नळ बसवायलासुद्धा माणूस बोलावतो.”

सर हसले. हसणं चांगलं होतं त्यांचं, पण वापरात नसल्यासारखं थोडं अडखळलं. मग म्हणाले, “ती फाइल उघडा.”

“कुठं आहे ती?”

“जिथं उतरवलीत तिथं.”

“कुठं उतरवली मी?”

“आणा हो इकडे. मिनिटभराचं काम.”

“हात मागं घ्या सर. प्रत्येकाच्या घरी जाणार आहात का तुम्ही?”

अशी आमची शिकवणी. त्यांनी ‘उघडा’ म्हटलं की मी ‘कशानं’ विचारायचो, ‘दाबा’ म्हटलं की ‘किती वेळा’. ते कपाळावर हात मारून घ्यायचे, तो आवाजसुद्धा मला पाठ झाला. पण माणूस मनानं मोठा. एकदा कळलं की नवख्याला नेमकं कुठं अडतं, की स्वतःच उत्साहात यायचे आणि म्हणायचे, “अरे, हे मला कधी सुचलंच नव्हतं.”

दोन-तीन दुपारी अशा गेल्या. रोज कधीतरी आतून तो बाईंचा आवाज यायचा. “प्रल्हाद, खिडकी लाव, ऊन येतंय.” लगेच सर उठायचे, आत जायचे, खिडकीची कडी वाजायची, आणि परत येऊन बसायचे. आवाज थकलेला होता. ‘खिडकी’ म्हणताना दम लागायचा आणि ‘ऊन येतंय’ मात्र एकदम खणखणीत यायचं, जणू मधल्या वेळात कुणी विसावा दिला. मी ओळखलं, याच अक्का. छातीचं काहीतरी दुखणं असणार, म्हणून बाहेर येत नाहीत. माझे डोळे गेल्यापासून मला माझ्या कानांचा फार गर्व झाला होता, ते सांगायलाच हवं.

रजनीला सांगितलं तेव्हा तिनं धपाटे करून दिले. “त्या अक्कांना दे. आजारी माणसाला बाहेरचं काहीतरी खावंसं वाटतं,” म्हणाली. मी डबा सरांच्या हातात दिला.

“अक्कांसाठी आहेत. माझ्या बायकोनं दिलेत.”

सरांनी डबा घेतला आणि तो हातात धरून बराच वेळ उभेच राहिले.

“बरं,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत मिळाला.

शेवटी आम्ही ज्या पायरीसाठी एवढा खटाटोप केला तिथं पोचलो. मी पुस्तिकेत वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं, ‘आता बोलकी तुमच्याशी बोलेल.’ मी कळ दाबली. खणखणीत, शाळेतल्या बाईंचा आवाज आला, “नमस्कार. मी...” आणि थांबला. मग एक शब्द आला. मग पुन्हा शांतता. मग अर्धा शब्द. दारात कुणी उभं राहून निरोप सांगतंय आणि मध्येमध्ये दार लागतंय, असं काहीतरी.

“बोलत नाही हो पूर्ण.”

“तुमचं काहीतरी चुकलं असेल.”

“सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. चुकतं तर चूक झाली असं सांगायला पाहिजे ना यानं? हे नुसतंच गप्प बसतंय.”

“माझ्याकडे चालतं,” सर म्हणाले. आवाज एकदम कोरडा झाला होता. “आज राहू दे. मला बरं वाटत नाही.”

मी घरी आलो तो चिडूनच. तन्वीरचा फोन आला तेव्हा त्याच्यावरच सगळा राग काढला. पुस्तिका अडली, सर हात वर करतायत, माझ्या वाक्याखालची पायरीच खोटी आहे, वगैरे. मग म्हणालो, “उद्या मी सरळ अक्कांनाच विचारतो. आवाज त्यांचा आहे, त्यांना माहीत असणार. घरातच असतात, पण माझ्याशी बोलत नाहीत. फार दम लागतो बिचाऱ्यांना.”

मला वाटलं फोन कट झाला.

“काका, कुठल्या अक्का?”

“सरांची बहीण रे.”

“अक्का वारल्या, काका. बोलकी सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. मी मातीला गेलो होतो.”

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही, पण भीती काय विश्वास विचारून येते होय? त्या घरात एक बाई बोलत होती. मी तिला नमस्कार केला होता. मी तिच्यासाठी धपाटे नेले होते आणि तिच्या भावानं डबा घेतला होता. रजनीनं माझा हात धरला आणि विचारलं, “अहो, एवढे गार का पडलात?”

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं फार वाटत होतं. तरी गेलो. ते गूढ उकलण्यापेक्षा ती अडलेली पायरी मला जास्त खात होती, आणि वाचायचं होतं.

सर बाहेरच्या खोलीत होते. मी खुर्चीत बसलो नाही.

“सर, अक्का कुठं आहेत?”

बाहेर कुठंतरी तबल्याला शाई घोटत असल्यासारखा घासल्याचा बारीक आवाज येत होता, वाद्यं बनवणाऱ्या मिरजेत तसा येतोच. मी उभा, ते बसलेले. आणि आतून आवाज आला.

“प्रल्हाद, खिडकी लाव, ऊन येतंय.”

सर उठले. मी इथं समोर उभा, मी असं विचारलेलं, आणि तरी ते उठले, आत गेले आणि त्यांनी खिडकी लावली. कडीचा आवाज झाला. मी काठी पुढं करत त्या आवाजाच्या रोखानं आत गेलो. खाट होती, तिच्यावर चादर घट्ट खोचलेली, कुणी बसलेलं नाही. भिंतींना हात लावला तर हाताला गोधडी लागली. चारी भिंतींवर गोधड्या टांगलेल्या होत्या. कोपऱ्यात टेबल, टेबलावर गरम झालेला कॉम्प्युटर, आणि शेजारी दोन स्पीकर. त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल घातले होते, माझ्या बोटांना त्यांची नक्षी लागली.

“वेळ लावून ठेवलीय,” सर मागून म्हणाले. “पाणी प्यायची, खिडकीची, जेवणाची. ती म्हणायची तसंच.”

मी खाटेच्या कडेला टेकलो. भीती गेली होती. तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा बरं नव्हतं.

मग सर बोलले. कुणी विचारायचीच वाट बघत असावेत. आईबाप लवकर गेले, अक्कांनीच त्यांना वाढवलं. अक्का प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या. एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला घरी बोलावून त्या रोज धडे वाचून दाखवायच्या, त्यावरून सरांना बोलकी सुचली. याच खोलीत गोधड्या टांगून, पंखा बंद करून, घामाच्या धारांत अक्कांनी वाक्यांमागून वाक्यं म्हटली. सरांनी त्यांचे तुकडे केले. कुठलंही नवीन वाक्य आलं की त्या तुकड्यांतून जोडायचं. अर्धं काम झालं, तेवढं त्यांनी लोकांसाठी खुलं केलं, आणि अक्कांच्या फुप्फुसांनी दगा दिला.

“मी म्हटलं, राहू दे आता. ऐकली नाही. म्हणाली, अर्धी बाई बोलेल होय तुझ्या मशीनमधून? नाकाला नळी लावून ती म्हणायची. एक वाक्य, मग बसायचं, मग दुसरं. शेवटचं वाक्य म्हणून झालं आणि म्हणाली, झालं रे बाबा, आता लाव पंखा.”

“आणि ते उरलेले अर्धे तुकडे...”

“माझ्याकडे आहेत.”

“फक्त तुमच्याकडे.”

“होय.”

म्हणजे ‘माझ्याकडे चालतं’ हे खरं होतं. कॉम्प्युटरवाल्या माणसाच्या तोंडचं सगळ्यात जुनं पालुपद, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्याकडे पूर्ण अक्का होत्या. जगाला त्यांनी अर्ध्याच दिल्या होत्या, आणि तुकडा सापडला नाही तर काही न सांगता गप्प राहायचं, हेही त्यांनीच लिहून ठेवलं होतं.

“का पण, सर?”

“द्यायचेच होते. मातीवरून आल्यावर दुसरं काम काय होतं मला? पण त्याच सुमारास बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. मोबाइल काढून म्हणाला, सर, ऐका गंमत. कुठल्या तरी पोरांनी तिच्या आवाजाला शिव्या द्यायला लावल्या होत्या. घाण घाण शिव्या, कोळेकर. आणि तो पोरगा हसत होता. त्याला काय माहीत कोणाचा आवाज.” सर खोलीत येरझारा घालू लागले. “मुक्त ठेवलं की कुणीही काहीही करणार. हा नियम मीच वर्गात शिकवायचो. पण आजारपणातली अक्का मी त्यांच्या हातात नाही देऊ शकत. ती धाप माझ्यापाशीच राहू दे.”

त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. पण मला माझंही दिसत होतं.

“मला वाचायचंय, सर,” मी म्हणालो. “मला दुसरं काही बोलता येत नाही. मला एकट्यानं बसून वाचायचंय.”

त्यांनी लावलेलीच खिडकीची कडी पुन्हा ओढून बघितली.

“एक करा. आज अक्कांना माझी पुस्तिका वाचू द्या, तुमच्या मशीनवर. एकदा पुरी ऐकतो आणि जातो. पुन्हा त्रास देणार नाही.”

मी खिशातून पेनड्राइव्ह काढून पुढं धरला. बराच वेळ तो माझ्याच हातात होता. मग उचलला गेला. नंतर त्यांनी मला सांगितलं की अक्का गेल्यापासून त्यांनी त्या ठरलेल्या वाक्यांखेरीज एकही शब्द तिच्याकडून वाचून घेतला नव्हता. पाणी, खिडकी, जेवण. वर्षानुवर्षं तेवढंच.

अक्कांनी वाचायला सुरुवात केली.

“कॉम्प्युटरसमोर आरामात बसा. तुम्हाला यातलं काही येत नाही, हे गृहीत धरूनच हे लिहिलं आहे. घाबरू नका. चुकलं तरी काही मोडत नाही.”

माझीच वाक्यं, पण मी ऐकतच राहिलो. एका वाक्यात दोन बाया बोलत होत्या. ‘आरामात बसा’ म्हणणारी ठणठणीत, चौथीच्या वर्गाला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. आणि ‘घाबरू नका’ म्हणणारी दुसरी, जिला त्या दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता. त्या दोघी एकच होत्या. बरी असलेली अक्का शब्द सुरू करायची आणि आजारी अक्का तो पुरा करायची. दुखण्याच्या अलीकडची आणि पलीकडची माणसं अशी एका ओळीत मी कधी ऐकली नव्हती, आणि ऐकायला मिळावीत असं कुणासाठी मागणारही नाही.

“उजव्या हाताच्या करंगळीजवळ एक मोठं बटण लागेल. ते एकदाच दाबा. काही झालं नाही तर... थोडं थांबा. यंत्राला वेळ लागतो.”

“बंद करा,” सर म्हणाले. “दम लागतोय तिला. बंद करा.”

मी चाचपडत हात पुढं केला, टेबलावरची कळ मला सापडली, आवाज थांबला. पंखा बंद होता हे मला तेव्हा कळलं. त्यांनी तो आत येतानाच बंद केला असावा, रेकॉर्डिंगच्या वेळी करायचे तसा. खोलीत आम्हा दोघांच्याच श्वासांचा आवाज होता, आणि तोही पुरेसा वाटत नव्हता.

मी उठलो. काठी शोधली. मी शब्द दिला होता, पुन्हा त्रास देणार नाही म्हणून.

“शिकवतेय ती,” सर म्हणाले.

“काय?”

“तुमच्या लक्षात नाही आलं? नव्या पोराला शिकवतेय. पहिलीच्या वर्गावर असंच बोलायची.” ते थांबले. “आणि मी इतकी वर्षं तिला ‘खिडकी लाव’ म्हणायच्या कामाला जुंपलं.”

खुर्ची सरकली, सर टेबलापाशी बसले, आणि कळ त्यांनी स्वतःच्या हातानं दाबली. अक्का राहिलेलं वाचू लागल्या. शेवटच्या पायरीपर्यंत वाचलं. ‘आता बोलकी तुमच्याशी बोलेल,’ हे माझं वाक्यही त्यांनी वाचलं. सर रडत होते, ते ऐकू येत होतं, आणि मीही काही कोरडा नव्हतो.

उरलेले तुकडे त्याच संध्याकाळी सगळ्यांसाठी इंटरनेटवर चढले. मी माझ्या लॅपटॉपवर पहिल्यापासून सगळ्या पायऱ्या पुन्हा केल्या, आणि माझ्या मांडीवरून अक्का पूर्ण बोलल्या. सरांनी दोन अटी घातल्या.

“ती गेली, असं पुस्तिकेत कुठं लिहायचं नाही. शिकायला आलेल्या माणसाला पहिल्याच पानावर मयत नको.”

“बरं.”

“आणि त्या धापेचं लिहा. नाहीतर लोकांना वाटेल आपल्याकडूनच काही बिघडलं. पुन्हा पुन्हा काढून बसवत बसतील.”

म्हणून मी शेवटच्या पायरीखाली लिहिलं, ‘वाचता वाचता या आवाजाला मध्येच दम लागेल. तुमच्या कॉम्प्युटरचा दोष नाही. तुमचीही काही चूक झालेली नाही. जरा थांबा, त्या पुढचं वाचतील.’ मुद्रितशोधक म्हणून आयुष्यभर मी दुसऱ्यांचं लिहिलेलं दुरुस्त केलं, पण माझं म्हणून लिहिलेलं एवढंच. त्याच्या खाली, अडल्यास विचारा म्हणून, माझा फोन नंबर घातला.

शिबिर झालं. पुढं बोलकी गावोगाव गेली. रजनी आता संध्याकाळी मला काही वाचून दाखवत नाही, शेजारी बसून आपली स्वतःची पुस्तकं वाचते. मधे पुण्याच्या कुणा हुशार मुलानं कळवलं की आवाजातली धाप तो सफाईनं काढून टाकू शकतो. सर तेव्हा होते. त्यांनी मला विचारलं, मी म्हटलं तुम्ही ठरवा, ते म्हणाले वापरणाऱ्यांना विचारा. वापरणाऱ्यांनी नको म्हटलं. दोन वर्षांपूर्वी सरही गेले. मिरजेच्या त्या घराला आता कुलूप आहे, पण बोलकीचा फोन अजून माझ्याकडेच येतो.

परवा सकाळी असाच एक आला. जत तालुक्यातल्या गावाहून. माणूस वयस्कर होता.

“हॅलो, ते वाचून दाखवणारं मशीन तुमचंच का वो?”

“होय, बोला. काय अडलंय?”

“अडलं काय न्हाई. नातवानं बसवून दिलंय, झक्कास चालतंय. मी यष्टीत ड्रायव्हर हुतो, आता डोळं गेलं. रोज पेपर ऐकतोय.”

“छान. मग फोन का केलात?”

ते जरा घुटमळले.

“त्या बाईंचं इचारायचं हुतं. लई दम लागतोय वो त्यास्नी. काल अख्खा पेपर वाचला माझ्यासाठी, निम्म्यात धाप लागली तरी थांबल्या न्हाईत. मला कसंतरीच झालं. औषधपाणी चालू हाय का?”

सरांची अट मी इतकी वर्षं पाळली होती.

“चालू आहे,” मी म्हणालो.

“अडुळशाचा काढा द्या म्हणावं. आमच्या मळ्यात झाड हाय, पाला लावून देतो पायजे तर. आणि एक निरोप सांगा त्यास्नी. सावकाश वाचा म्हणावं. मध्ये बसा, पाणी प्या. मला आता कुठली गाडी वेळेवर काढायची न्हाई.”

“सांगतो,” मी म्हणालो.

फोन ठेवला आणि मी तो निरोप जसाच्या तसा टाइप केला. कळ दाबली. अक्कांनी तो वाचायला घेतला. ‘सावकाश वाचा’ खणखणीत आलं. ‘मध्ये बसा’ म्हणताना त्यांना दम लागला. मी थांबलो. मग त्यांनी पुढचं वाचलं.